आतल्या रस्त्यानं

दत्ताअण्णांना दुर्गदबैलच्या बाजारातून घरी आणायचं म्हणजे सव्वा किलोमीटर जास्त धरावं लागायचं. हा आकडा अंदाजाचा नाही, स्कूटरच्या मीटरवर मी तो बघितलेला आहे. ते आणि आम्ही उणकलच्या तळ्याकडं एकाच गल्लीत राहायचो, भिंतीला भिंत लागून. मी गोकुळ रोडवरच्या एका पंपाच्या कारखान्यात हिशेबाचं काम बघायचो. कामासाठी बाजारात जाणं झालं की परतताना त्यांच्या दुकानावरून त्यांना मागं बसवायचं आणि घरी यायचं, अशी सवयच पडली होती.

रस्ता सरळ आहे. होसूर सोडलं की विद्यानगर, विद्यानगर सोडलं की उणकल. पण विद्यानगरचं ते मोठं कॉलेज जवळ यायला लागलं की माझ्या खांद्यावर दोन बोटं टेकायची.

"अकौंटंट, आतल्या रस्त्यानं घ्या की."

"मेन रोड मोकळा आहे, अण्णा."

"असू दे की. आत सावली आहे."

दिवे लागल्यावर कसली सावली? पण मी वळवायचो. पुढच्या खेपेला कारण वेगळं असायचं. मेन रोडवर धूळ फार. आत एक गिऱ्हाईक राहतं, दिसलं तर दोन शब्द बोलता येतील. एकदा तर म्हणाले, मेन रोडचे धक्के पोटाला सोसत नाहीत. आणि खड्डे सगळे त्या आतल्या रस्त्यावरच होते. मेन रोडनंच धावणाऱ्या चिगरी बसनं आले तर वळायची सोय नाही, म्हणून ते बसमध्ये कॉलेजच्या बाजूला पाठ करून उभे राहायचे. बसायला जागा असली तरी उभे. हे मला त्यांच्या बायकोनं, सुनंदावहिनींनी सांगितलं. माझ्या धंद्यात एकाच गोष्टीला दर वेळी नवं कारण दिलेलं दिसलं की खरं कारण कागदावर नाही असं समजायचं असतं. मी समजलो होतो, पण विचारलं नाही.

त्यांचं दुकान म्हणजे मॅचिंग सेंटर. साडीवर ब्लाऊजपीस, अस्तर, फॉल. दोन बायका शेजारी बसल्या तर तिसरीनं रस्त्यात थांबायचं एवढीच रुंदी. तिन्ही भिंतींना छतापर्यंत कापडाचे गठ्ठे, खाली पांढरी गादी. गादीवर यायचं तर चपला पायरीखाली. हा नियम त्यांच्या वडिलांपासूनचा होता, आणि तो सांगावा लागायचा नाही. पायरीखालच्या चपला बघून लोक आपल्या चपला काढायचे.

दुसरा नियम मात्र ते दिवसातून अनेकदा सांगायचे. "ट्यूबलाइट खोटं बोलतंय. उजेडात या." गिऱ्हाईक कन्नड असेल तर, "बेळकिगे बर्री." मग साडीचा पदर एका हातात, पीस दुसऱ्या हातात, गळ्यात टेप लटकलेली, असे ते स्वतः गादीवरून उतरून पायरीवर उभे राहायचे. हातगाड्या, ऑटो, भाजीवाल्यांची ओरड, सगळं अंगाला घासून जात असायचं आणि हे डोळे बारीक करून पदराकडं बघत उभे. जुळलं नाही तर विकायचे नाहीत. "नाही जुळत, वहिनी. सोमवारी नवा माल येतो, सोमवारी या." माझी बायको एकदा रागावून म्हणाली, "अण्णा, लग्न रविवारी आहे." तर म्हणाले, "मग दुसरी साडी नेसा की. या साडीवर अन्याय कशाला?"

रंगांना त्यांची स्वतःची नावं होती. भिजलेल्या विटेचा. कच्च्या चिंचेचा. उणकल तळ्याचा, त्यातही दोन प्रकार, पावसाळ्यातला आणि उन्हाळ्यातला. दुकानात कामाला बसप्पा नावाचे एक वयस्क गृहस्थ होते, त्यांना ही नावं पाठ होती. "बसप्पा, उन्हाळ्यातलं तळं काढा," म्हटलं की ते बरोबर तोच गठ्ठा काढायचे.

एक गोष्ट माझ्या बायकोनं माझ्या आधी टिपली. गळ्यात कॉलेजचं ओळखपत्र अडकवलेली एखादी प्राध्यापिका दुकानात आली, किंवा कुणी गिऱ्हाईक इंग्रजीत बोलायला लागलं, की दत्ताअण्णा पदराला हात लावायचे नाहीत. "बसप्पा, मॅडमना दाखवा," म्हणायचे आणि स्वतः शिडीवर चढून वरचे गठ्ठे सारखे करायला लागायचे. गठ्ठे आधीच सारखे असायचे. मॅडम गेल्या की खाली उतरायचे.

कॉलेजबद्दल त्यांचं मत ठरलेलं होतं. "कॉलेजात काय शिकवतात सांगू? हसायला शिकवतात. दुसऱ्याला." कुणाचा मुलगा बिघडला, कुणी बापाला उलट बोललं, की "कॉलेज," एवढंच म्हणायचे आणि टेपची गुंडाळी करायचे. यावरून माणूस शिक्षणाच्या विरुद्ध होता असं कुणाला वाटेल. तसं नव्हतं. मराठी आणि कन्नड अशी दोन्ही वर्तमानपत्रं ते रोज सकाळी पहिल्यापासून शेवटपर्यंत वाचायचे. मुलीच्या, स्नेहलच्या, शाळेतला एकही कार्यक्रम त्यांनी चुकवला नाही. दुकान बसप्पांवर सोडून पहिल्या रांगेत जाऊन बसायचे. तिच्या वह्यांना कव्हरं स्वतः घालायचे, कापडाच्या घडीसारखी टोकं दुमडून. दहावीनंतर तिची दोन वर्षंही त्याच शाळेच्या आवारात झाली, म्हणून त्यांना चाललं. "ती शाळाच आहे की," म्हणायचे. अडत होतं ते फक्त कॉलेजच्या पायरीला.

का, ते मला एका दिवाळीत कळलं. त्यांची थोरली बहीण कमळाक्का बेळगावहून आली होती. बोलायला मोकळी, आवाज खणखणीत. फराळाला आम्ही नवराबायको शेजारी गेलो होतो. बाहेर काढलेल्या चपलांवरून काहीतरी विषय निघाला आणि कमळाक्का म्हणाल्या, "आमच्या दत्तूची गोष्ट माहीत आहे की नाही तुम्हाला? चपलांची?"

"अक्का, कितीदा सांगशील," दत्ताअण्णा हसत म्हणाले.

"यांनी कुठं ऐकली आहे? थांब की." आणि त्यांनी सांगितली. मी तिथं नव्हतो, त्यामुळं ऐकलेली गोष्ट ऐकलेली म्हणूनच लिहितो.

दत्तू दहावीला चांगल्या मार्कांनी पास झाला. घरात कॉलेजला जाणारा पहिलाच. विद्यानगरच्या त्याच कॉलेजात सायन्सला नाव घातलं. मराठी शाळेत सातवीपर्यंत जमिनीवर पट्ट्या टाकून बसायचे. पुढं बाकं आली तरी चपला वर्गाबाहेरच राहायच्या. घरी आल्यावर दुकान, तिथं गादी, तिथंही चपला पायरीखाली. म्हणजे बसून काही करायचं तर आधी चपला काढायच्या, हे त्या पोराच्या पायांनाच ठाऊक झालेलं. पहिल्या दिवशी कॉलेजात वर्गाच्या दारात त्यानं नव्या चपला काढल्या, भिंतीला लावून ठेवल्या आणि अनवाणी आत जाऊन बसला. सर आले. दारातल्या चपला बघून इंग्रजीत काहीतरी म्हणाले. वर्ग हसला. दत्तूला शब्द कळले नाहीत, पण सगळ्यांच्या माना आपल्या पायांकडं वळल्या एवढं कळलं.

"आणि मजा पुढंच आहे," कमळाक्का म्हणाल्या. "दुसऱ्या दिवशी हा शहाण्यासारखा चपला घालून गेला. तर वर्गाबाहेर बुटांची ही रांग! सगळ्या पोरांनी बूट काढून ओळीनं लावून ठेवलेले. हा आला की 'या स्वामीजी, या' म्हणायचे. आठवडा-दोन आठवडे चाललं होतं म्हणे. सरसुद्धा हसत हसत ती रांग ओलांडून आत जायचे. मग याला पोटदुखी सुरू झाली. रोज सकाळी पोटदुखी. शेवटी आमचे अप्पा म्हणाले, दुकानात बस. त्यांना तरी माणूस कुठं मिळत होता!"

सगळे हसले. सर्वांत जास्त दत्ताअण्णा हसले, डोळे पुसेपर्यंत. स्नेहल तेव्हा अकरावीत असेल. ती हसली नाही. ती वडिलांच्या हाताकडं बघत होती. हसताना त्यांनी ताटातली चकली हळूहळू मोडून तिचा भुगा केला होता.

त्या संध्याकाळी घरी आल्यावर मला माझं कॉलेज आठवलं. मीही तशाच शाळेतून, तशाच मार्कांनी गेलो, धारवाडला. मला कॉलेज आवडलं, अजून आवडतं. त्या रस्त्यानं गेलो तर मी स्कूटर मुद्दाम हळू करतो. यात माझं कर्तृत्व काही नाही. माझा मोठा भाऊ दोन वर्षं आधी तिथं गेला होता. पहिल्या दिवशी गेटपाशी त्यानं मला थांबवून सांगितलं होतं, "वर्गात चपला घालूनच जायचं. आणि हजेरीला उभं राहायचं नाही, बसूनच बोलायचं." त्याला हे कुणी सांगितलं होतं, की तोही एकदा हसं करून घेऊन शिकला होता, ते मी कधी विचारलं नाही. माझ्यात आणि दत्ताअण्णांत फरक होता तो गेटपाशी बोललेल्या त्या दोन वाक्यांचा.

स्नेहलचा बारावीचा निकाल लागला आणि तिनं सरळ सांगितलं, बी.एस्सी. करायचं, केमिस्ट्री घ्यायचं, आणि त्याच कॉलेजात. केमिस्ट्रीसाठी ते चांगलं होतं आणि घराजवळही होतं. घरात आठ दिवस कुणी धड जेवलं नाही. भिंतीला भिंत असल्यामुळं आम्हाला सगळं ऐकू यायचं.

"घरी बसून डिग्री मिळते की आता. पुस्तकं पोस्टानं येतात," दत्ताअण्णा म्हणायचे.

"केमिस्ट्री पोस्टानं येत नाही, अप्पा."

"मग दुसरं काही घे."

"दुसरं काही घेऊन काय करू? शिडीवर चढून बसू?"

 मग भांडी आपटल्याचा आवाज, तो सुनंदावहिनींचा.

प्रवेशाची शेवटची तारीख जवळ आली. मुलाखतीला पालकानं स्वतः यायचं आणि तिथंच सही करायची, असा नियम होता. सुनंदावहिनी म्हणाल्या, "मी जाते." स्नेहल म्हणाली, "नको. अप्पा येत असतील तर जाईन, नाहीतर जाणार नाही." हा हट्ट मला तेव्हा कळला नाही. आई जायला तयार असताना पोरगी वर्ष घालवायला निघाली होती. शेवटी वहिनी आमच्या दारात आल्या. "भावजी, तुम्ही तरी या. तुमचं ऐकतात ते."

माझं कुणी ऐकत नाही, पण गेलो. दत्ताअण्णा अंगणात खुर्चीवर बसले होते, गळ्यात टेप तशीच. मी आकड्यांवर सुरुवात केली. तिची टक्केवारी, तिथल्या जागा, मिळण्याची शक्यता. ते ऐकत होते. गिऱ्हाईक घासाघीस करायला लागलं की ऐकायचे तसे, मान हलवत आणि काही न देता. मग मला काय वाटलं कुणास ठाऊक, मी माझ्या भावाची गोष्ट सांगितली. गेटपाशी सांगितलेली दोन वाक्यं.

त्यांनी खुर्ची माझ्याकडं वळवली. मग म्हणाले, "म्हणजे तुमच्या आधी तुमचा भाऊ होता. हिच्या आधी कोण आहे?"

स्नेहल दारात उभी होती. ती म्हणाली, "तुम्ही गेला होता की."

"मी?" ते हसले, तसंच हसले, दिवाळीतलं. "मी जाऊन काय शिकलो गं? वर्गात चपला घालून जायचं, एवढंच."

"मग तेवढं तरी मला गेटपाशी येऊन सांगा की, अप्पा."

त्यांनी गळ्यातली टेप काढली. गुंडाळली. सोडली. पुन्हा गुंडाळली. आणि माझ्याकडं बघून म्हणाले, "अकौंटंट, उद्या कारखान्याला जरा उशिरा गेलेलं चालेल काय?"

दुसऱ्या दिवशी स्नेहल मैत्रिणीबरोबर पुढं गेली आणि मी त्यांना स्कूटरवर नेलं. त्यांनी इस्त्रीचा पांढरा शर्ट घातला होता आणि कागदांची पिशवी छातीशी धरली होती. विद्यानगर आलं. खांद्यावर दोन बोटं टेकली.

"आतल्या रस्त्यानं घ्या."

"अण्णा, आज कॉलेजातच जायचं आहे."

"मागं एक गेट आहे. आतल्या रस्त्याला."

इतकी वर्षं टाळलेल्या जागेचं मागचं गेटसुद्धा त्यांना माहीत होतं.

मागच्या गेटाशी स्नेहल वाट बघत होती. उतरल्यावर ते तिच्यासमोर उभे राहिले, घसा साफ केला आणि अगदी गंभीरपणे म्हणाले, "चपला घालूनच आत जायचं."

"हो अप्पा."

"कोण हसलं तर हसू दे."

"हो अप्पा."

मुलाखती एका मोठ्या खोलीत होत्या. दाराबाहेर व्हरांडा, आत एका वेळी चारपाच मुलाखती चालतील असं लांब टेबल, आणि दारापासून टेबलापर्यंत लाल जाजम टाकलेलं. एका विद्यार्थ्याबरोबर एकच पालक आत सोडत होते, म्हणून मी बाहेर व्हरांड्यात थांबलो. नाव पुकारलं. स्नेहल ताठ मानेनं सँडल घालून पुढं गेली. तिच्या मागं दत्ताअण्णा. दारात त्यांची नजर जाजमावर गेली, आणि माझ्या डोळ्यांदेखत त्यांच्या पायांनी चपला काढल्या. पायांनीच म्हणतो, कारण त्यांचं लक्ष नव्हतं. ओठ हलत होते, बहुतेक काय बोलायचं ते घोकत होते. डाव्या पायानं दोन्ही चपला भिंतीकडं सारून ते अनवाणी आत गेले. मी हाक मारायला तोंड उघडलं, पण दार लोटलं गेलं होतं.

मी त्या चपलांकडं बघत उभा राहिलो. उचलून बाजूला ठेवाव्यात काय, असा विचार करत होतो, तेवढ्यात पुढचं नाव पुकारलं. कुंदगोळकडचे कुणीतरी असावेत. डोक्याला पटका, बरोबर मुलगा. दाराशी आले, चपला बघितल्या, थबकले आणि आपल्या वहाणा त्यांच्या शेजारी काढल्या. मुलगा कुजबुजला, "अप्पा, ब्याडा," म्हणजे नको. त्यांनी त्याच्याकडं असं बघितलं की त्यानंही बूट काढले. पुढची एक आई. तिनं विचारलंसुद्धा नाही. त्यानंतर पँटशर्टमधले एक गृहस्थ. "इथं हे कधीपासून?" असं पुटपुटत त्यांनी खाली बसून नाड्या सोडल्या. थोड्या वेळानं कॉलेजचा शिपाई आला. त्यानं दाराबाहेरचा ढीग बघितला, डोकं खाजवलं, आणि कुणीतरी वरून हुकूम काढला असणार असं समजून तो पायानं सगळं एका ओळीत सारखं करायला लागला. आणि शेवटी आल्या एक प्राध्यापिका, गळ्यात ओळखपत्र, हातात फायली. त्यांनी रांग बघितली, शिपायाकडं बघितलं. शिपायानं मान डोलावली. मॅडमनी सँडल काढल्या आणि अनवाणी आत गेल्या.

त्या आत गेल्या आणि तेच दार हातानं धरून दत्ताअण्णा बाहेर आले. स्नेहल आत कागद घेत होती. त्यांच्या चेहऱ्यावर काम झाल्याचा सैलपणा होता. एक पाऊल बाहेर टाकलं आणि त्यांना ती रांग दिसली. भिंतीला लावून, ओळीनं, बूट, वहाणा, सँडल.

तो चेहरा मी विसरणार नाही. इतक्या वर्षांच्या माणसाचा चेहरा एका क्षणात सोळा वर्षांच्या पोराचा झाला. त्यांनी आधी त्या रांगेकडं बघितलं, मग आपल्या अनवाणी पायांकडं, मग व्हरांड्यातल्या लोकांकडं, कोण हसतंय ते शोधत. कुणीच हसत नव्हतं. सगळे आपापल्या मुलांच्या काळजीत होते.

"कुणी केलं हे?" त्यांनी मला हळू आवाजात विचारलं.

"तुम्हीच, अण्णा."

"मी?"

"तुमच्या चपला बघून सगळ्यांनी काढल्या."

त्यांना ते पटलं नाही. ते बघतच राहिले. तेवढ्यात पुढची बाई दाराशी आली. साधी, कपाळावर मोठं कुंकू, हात धरून आणलेली मुलगी. रांगेत आता जागा नव्हती. तिनं दत्ताअण्णांनाच कुणीतरी कॉलेजातलं समजून विचारलं, "इल्ले बिडबेकेन्री?" इथंच काढायच्या काय हो?

दत्ताअण्णांनी श्वास घेतला. मला वाटलं आता ते सांगतील की नको, घालूनच जा. पण त्यांनी वाकून आपल्या चपला उचलल्या, त्यांच्या जागी झालेली मोकळी फरशी हातानं दाखवली आणि दुकानात बोलायचे त्या आवाजात म्हणाले, "हौद्री. इल्ले बिड्री. काळजी माडब्याड्री, वळगिनवरू वळ्ळेयवरदार." होय, इथंच काढा, काळजी करू नका, आतली माणसं चांगली आहेत.

परतताना ते स्कूटरवर मागं बसले. उणकल आलं तेव्हा माझ्या पाठीला काहीतरी हलतंय असं वाटलं. मी आरशात बघितलं. ते हसत होते. आवाज न करता, एकटेच, आणि या वेळी हात मोकळे.

पुढच्या दिवाळीला कमळाक्का आल्या आणि पाहुण्यांसमोर त्यांनी चपलांची गोष्ट काढली. दत्ताअण्णांनी हात वर केला. "अक्का, ती जुनी झाली. नवी ऐक." आणि त्यांनी सांगितली. प्राध्यापिकेच्या सँडलपाशी ते आले तेव्हा कमळाक्कांना ठसका लागला. स्नेहल मात्र मागं बसून प्रत्येक वाक्यावर हसत होती. "आणि मला आतून काही माहीतच नाही," ती म्हणाली. "मी म्हणते, हे सगळे अनवाणी का येतायत? मला वाटलं मीच तेवढी अडाणी, सँडल घालून आले."

याचा अर्थ दत्ताअण्णा बदलले असा कुणी काढू नये. मी तरी काढत नाही. खांद्यावरची दोन बोटं पुढंही तीन वर्षं टेकत राहिली. मॅडम आल्या की शिडी होतीच. स्नेहलला प्रॅक्टिकलमुळं उशीर व्हायचा, तेव्हा ते दुपारी ऑटोनं डबा घेऊन जायचे आणि मागच्या गेटाशीच उभे राहायचे. पुन्हा आत गेले नाहीत. "कॉलेज वाईटच," ते म्हणायचे, आणि थोडं थांबून, "हिचं तेवढं ठीक आहे."

मी त्यांना शेवटचं बघितलं ते दुर्गदबैलमध्येच, एका सकाळी. मी आणि बायको त्याच आठवड्यात काही महिन्यांसाठी आमच्या मुलाकडं पुण्याला निघणार होतो. आम्ही तिकडं असतानाच थंडीत दत्ताअण्णा गेले, झोपेत. त्या सकाळी मी बायकोचा ब्लाऊजपीस आणायला म्हणून गेलो होतो. दुकानात गिऱ्हाईक नव्हतं. पायरीवर, उजेडात, स्नेहल पदवी समारंभाचा गाऊन घालून उभी होती, आणि तिच्या पायाशी बसून दत्ताअण्णा त्या गाऊनचा उसवलेला काठ सुईनं शिवत होते. हातगाड्या त्यांना वळसा घालून जात होत्या.

"कॉलेजनं भाड्यानं आणलेले गाऊन," ते मला म्हणाले. "काळा म्हणून देतात. हा काळा नव्हे. ट्यूबलाइटात काळा. इथं बघा, काय आहे?"

मी बघितलं. "निळा वाटतोय."

"वांग्याचा. देठाजवळचा." त्यांनी दोरा दातानं तोडला. "चांगला रंग आहे. काळ्यापेक्षा चांगला."

"अप्पा, उशीर होतोय," स्नेहल म्हणाली.

ते उठले. गळ्यातली टेप काढून त्यांनी बसप्पांच्या हातात दिली. बसप्पांनी पायरीखालून त्यांच्या चपला पुढं सारल्या. त्यांनी त्या घातल्या आणि गाऊन सावरत निघालेल्या लेकीमागं ऑटोत चढले. ऑटोवाला नेहमीचाच होता, डब्याच्या फेऱ्यांचा. त्यानं वळून विचारलं, "मागच्या गेटाला ना, अण्णा? आतल्या रस्त्यानं?"

"नको," दत्ताअण्णा म्हणाले. "पुढच्या. मेन रोडनं घे."